जिन्यातला डबा, नेट आणि बॅकअप

सेक्रेटरी काका (ए-१०१): नमस्कार मंडळी. बी विंगमधून नेटच्या तक्रारी पुन्हा आल्या आहेत. कंपनीचा माणूस म्हणतो तुमचे राउटर जुने झालेत, सगळ्यांनी बदला. काय करायचं?

बी-२०२ वहिनी: आम्ही आत्ताच बदलला काका. तरी तेच. यांची मीटिंग चालू असली की हमखास जातं.

बी-५०३: काका, राउटरवर कुणी खर्च करू नका. माझ्याकडे नोंदी आहेत, जरा सविस्तर लिहितो.

घरात एक रास्पबेरी पाय पडून होता, तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर. त्याला चार ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. दर मिनिटाला तो दोन ठिकाणी पिंग करतो, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवतो: एकदा घरातल्या राउटरला आणि एकदा बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या डीएनएस सर्व्हरला (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा कॉम्प्युटर). उत्तर आलं की नाही, ते वेळेसकट फाईलमध्ये लिहून ठेवतो. राउटरच गप्प असेल तर दोष आपल्या घरात. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरून काही येत नाही, तर दोष आपल्या दाराबाहेर. परवा वळवाच्या पावसात हे आलं:

१८:४२ राउटर ठीक, बाहेर ठीक
१८:४३ राउटर ठीक, बाहेर बंद
१८:४४ राउटर ठीक, बाहेर बंद
(पुढच्या ओळी अशाच)
१८:४९ राउटर ठीक, बाहेर ठीक

मग वॉचमनकाकांची जनरेटरची वही मागून घेतली. डिझेलच्या हिशोबासाठी ते जनरेटर चालू-बंद केल्याची वेळ लिहितात. त्या दिवशी चालू केल्याची वेळ ६:४४. मागच्या बाकीच्या नोंदीही लावून पाहिल्या. नेट जाणं आणि लाइट जाणं जोडीनेच आहे.

सी-३०४: पण दादा, आमच्या घरी इन्व्हर्टर आहे. लाइट गेली तरी राउटर चालूच असतो.

बी-५०३: तेच तर! तुमचा चालू असतो, पण तिसऱ्या मजल्यावर डक्टमध्ये कंपनीचा स्विच आहे ना, तो राखाडी डबा, तो बंद पडतो. बाहेरून आलेली फायबर तिथे संपते आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला केबल जाते. डब्याचा प्लग साध्या कॉमन लाइनवर आहे, जनरेटरवर नाही. शिवाय लाइट नुसती झपकन जाऊन आली तरी तो पहिल्यापासून चालू होतो, आणि लाइन परत लागायला काही मिनिटं जातात. म्हणून वहिनींना वाटतं की लाइट तर आहे, मग नेट का नाही.

सेक्रेटरी काका: मग इलेक्ट्रिशियनला सांगून जनरेटरची लाइन देऊया का डब्याला?

बी-५०३: देऊन पुरणार नाही काका. जनरेटर सुरू होईपर्यंत डबा बंद पडलेलाच असेल. तिथे छोटा डीसी यूपीएस लागेल, म्हणजे लाइट गेल्यावर लगेच चालणारी बॅटरी, राउटरला लावतात तशी. एम. जी. रोडला मिळेल. घेताना डब्याच्या ॲडॉप्टरवरचं स्टिकर बघायचं: व्होल्टेज अगदी तेवढंच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. फक्त डबा कंपनीचा आहे, त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी नोंदींचा कागद आणि वहीच्या पानांचे फोटो तुम्हाला देतो. ते समोर ठेवून बोललं की राउटरचा विषयच निघणार नाही.

बी-२०२ वहिनी: 🙏🙏 हे कुणी आधी बघितलंच नव्हतं.

ए-२०१: भाऊ, वेगळा प्रश्न. निफाडच्या बागेची फवारणीची नोंद मी एक्सेलमध्ये ठेवतो. कोणतं औषध, किती, कधी. निर्यातीच्या द्राक्षांना हे सगळं दाखवावं लागतं. फाईल पेनड्राइव्हमध्ये आहे, काल तो लॅपटॉपला लागायलाच तयार नव्हता. तीनदा काढून घातला तेव्हा उघडला.

बी-५०३: दादा, आज दुसरं काहीही करण्याआधी ती फाईल लॅपटॉपवर कॉपी करा आणि स्वतःला मेल करा. आत्ता. बाकीचं खाली वाचा.

पेनड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे, साठवायची नाही. जाताना तो सहसा सूचना देत नाही, आणि तुम्हाला तर दिलीय. आमच्या कामात ३-२-१ पाळतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुमच्यासाठी एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक गूगल ड्राइव्हवर. १५ जीबी मोफत आहे, एक्सेलच्या फाईलींना ते भरपूर झालं.

दोन गोष्टी सांभाळा. हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात. लावून ठेवली आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाईली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर लॅपटॉपसोबत तिच्यावरच्या फाईलीही कुलूपबंद होतात. आणि ड्राइव्ह लॅपटॉपच्या फोल्डरशी जोडलेलं असेल तर इथे चुकून डिलीट केलेलं तिथूनही जातं. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं, नंतर नाही. म्हणून छाटणीपासून दर महिन्याला तारीख घालून वेगळी प्रत ठेवा, जुनीवर नवी चढवू नका.

आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मधली एखादी फवारणी शोधा, आकडे जागेवर आहेत का पाहा. हे मी कळकळीने सांगतोय. कॉपी रोज होत असते, सगळे निर्धास्त असतात, आणि गरजेच्या दिवशी आत शून्य बाइटची फाईल निघते. हा प्रकार सर्व्हरवरही घडतो.

ए-२०१: मेल केली. मुलाच्या फोनवर उघडूनही बघितली, सगळं आहे 👍

डी-१०२ काकू: माझ्या लॅपटॉपवर सारखं येतं की विंडोज १० चा सपोर्ट संपला. टाकून द्यायचा का रे?

बी-५०३: अजिबात नाही काकू. १४ ऑक्टोबर २०२५ ला मोफत अपडेट थांबले, पण घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घेता येतात, ते मी करून देतो. तुमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. पुढे एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम घालू. भजनं, मेल, यूट्यूब, सगळं चालेल. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवतो, आवडलं तरच घालायचं.

सेक्रेटरी काका: सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशोबाचा बॅकअप आहे ना रे कुठे?

ए-४०४ (खजिनदार): आहे काका, त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर.

बी-५०३: काका, सी आणि डी बहुतेक एकाच डिस्कचे दोन भाग असतील. डिस्क गेली की दोन्ही जातील. रविवारी अकराला ऑफिस उघडता का? मी एक हार्ड डिस्क घेऊन येतो. खजिनदार साहेब, तुमचा लॅपटॉप आणा, कॉपी झाली की त्यावर मार्चचा ताळेबंद उघडून बघू.

ए-४०४ (खजिनदार): आणतो. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डिंगच्या डब्याचा) पासवर्डही तेव्हाच बदलू, बसवणाऱ्याने ठेवलेलाच चालू आहे.

बी-५०३: नक्की बदलू. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते.

सी-३०४: दादा, मीही येऊ? ती पिंगची स्क्रिप्ट शिकायची आहे.

बी-५०३: ये की. लॅपटॉप आण, तुझ्याच घरच्या राउटरवर लावू.