मदत हवी आहे: दिवाळीच्या घरगुती भेटी (उटणं, पणत्या आणि कामट्यांचा कंदील)

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीला सुक्या मेव्याचे डबे वाटायचे नाहीत, जे द्यायचं ते घरीच करायचं, असं आमच्याकडे ठरलंय. वीस घरं आहेत आणि सगळं मिळून दोन हजारांत बसवायचंय. हात आखडता घ्यावा लागतोय हे खरंच, पण तेवढंच कारण नाही. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. माहेरी गिरगावच्या चाळीत त्या भावंडांबरोबर कामट्यांचे, म्हणजे बांबूच्या बारीक पट्ट्यांचे, कंदील बांधायच्या. संधिवातामुळे हल्ली त्यांना बोटांत दोरा धरवत नाही, पण कुठली कामटी कुठे येते ते डोक्यात पक्कं आहे. मुलगा तेरा वर्षांचा आहे, मुलगी नऊची. आईंनी सांगायचं आणि या दोघांनी बांधायचं, असं फार मनात आहे. आत्ता नाही जमलं तर पुढे जमेल असं वाटत नाही.

बेत असा: प्रत्येक घरी उटण्याची पुडी आणि रंगवलेल्या दोन पणत्या. कंदील मात्र जवळच्या पाचच घरांना. त्यातला एक नागपूरला, आईंच्या धाकट्या बहिणीकडे पाठवायचाय.

अडचणी सांगते. उटण्यात काय किती घालावं याचं घरात प्रत्येकाचं वेगळं मत आहे, आणि चंदनाची पूड आमच्या बजेटमध्ये बसत नाही. पणत्या रंगवल्या की तेल पाझरून रंग सुटतो असं ऐकलंय, त्याला उपाय काय? आणि कंदील: आई सांगतात ते मुलांना कळावं म्हणून मापं कागदावर हवी आहेत. आई 'चार बोटं, वीतभर' अशा हिशोबात बोलतात आणि मुलगा पट्टी घेऊन बसतो! शिवाय बांधलेला कंदील कुरिअरने धड पोचेल का?

पुण्यात राहतो. कामट्या कुठे मिळतील तेही सांगा.

अबोली:
उटण्याचं मी सांगते. एक किलोचं प्रमाण: मसूर डाळीचं पीठ 400 ग्रॅम, मुलतानी माती 150, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा आणि सुकलेल्या गुलाबपाकळ्यांची पूड प्रत्येकी 100, आंबेहळद 50. पन्नास ग्रॅमच्या बरोबर वीस पुड्या होतात. चंदन खुशाल वगळा. स्वस्तात मिळणाऱ्या पुडीत चंदन कमी आणि भेसळच जास्त असते. वासाला वाळा आणि कपूरकाचरी पुरे आहेत. हे सगळं काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. हळद आंबेहळदच घ्या, स्वयंपाकाची नको, अंग पिवळं होतं.

एकच गोष्ट कटाक्षाने पाळा: पाकळ्या हातात चुरल्यावर कुरकुरीत मोडल्या पाहिजेत. जरा जरी ओल राहिली तर पुडीत गुठळ्या होतात, बुरशीही येते. मुलांना वस्त्रगाळ करायला द्या. पातेल्यावर मलमल बांधून वरून हाताने पूड फिरवायची, खाली पडते ती घ्यायची. नाका-तोंडाला रुमाल मात्र बांधा. पुडीवर घटक लिहा आणि 'आधी हातावर थोडं लावून बघा' हेही लिहा, एखाद्याला एखादी गोष्ट सोसत नाही.

रानवारा:
पणत्यांबद्दल. माती सच्छिद्र असते, त्यामुळे तेल पाझरणारच, रंगाने ते थांबत नाही. तेलाच्या पणत्या देण्याऐवजी मेण भरून द्या, म्हणजे ही कटकटच नाही. पणती आधी धुऊन कडकडीत वाळवा, ओलसर पणतीवर रंग धरत नाही. रंग फक्त बाहेरून. आतून आणि वात टेकते त्या काठावर अजिबात नको. घरात अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या असतील तर त्या वापरा. मेण थेट गॅसवर कधीच वितळवू नका, उकळत्या पाण्यात भांडं ठेवून वितळवा, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. पणत्या कुंभारवाड्यातून डझनाने आणा, आणि चारसहा जास्त घ्या.

वेळूवन:
कंदिलाचा विषय बघून राहवलं नाही. कामट्या बुरूड आळीत मिळतील, सारख्या जाडीच्या तासून मागा.

हे घ्या माप. एका कंदिलाला सहा इंचाच्या 24 कामट्या, म्हणजे बारा फूट. पाच कंदिलांना साठ फूट, वर थोड्या जास्त घ्या. आधी चार चौकोन बांधायचे, त्यात सोळा कामट्या गेल्या. ते चौकोन टोकावर उभे करून शेजारच्याच्या टोकाला टोक बांधत गोल पुरा करायचा. मग वरची चार टोकं चार कामट्यांनी जोडायची, खालची चार तशीच. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवायचा, वरून दिवा आत सोडता येतो. कंदील साधारण साडेआठ इंच उंच होतो.

सांगाडा बांधून झाला की तो डुलतो, पिळला जातो. मुलं इथे निराश होतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की कागद लागला की ताठ होतो. प्रत्येक कंदिलाला चार चौकोन आणि आठ त्रिकोण लागतील. पुठ्ठ्याचे साचे करा, सगळ्या बाजूंनी अर्धा इंच जास्त, म्हणजे कामटीवर दुमडून चिकटवता येतं. पतंगाचा ताव घ्या, जिलेटिनपेक्षा उजेड मऊ पडतो. टोकांना कागदाच्या करंज्या आणि खाली झिरमिळ्या कातरणं हे नऊ वर्षांच्या मुलीचं काम.

खळ मैद्याची, रोज ताजी. जुनी माणसं किडीसाठी त्यात मोरचूद घालायची. ते विष आहे, मुलं असताना नको. आणि आत कमी वॅटचा एलईडीच, पणती नाही.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी):
वेळूवन, तुमचा मजकूर आईंना वाचून दाखवला. 'चौकोन टोकावर उभे' म्हटल्याबरोबर म्हणाल्या, "अगदी बरोबर, आणि गाठ आतल्या बाजूला घ्यायची, नाहीतर कागद फाटतो." मुलाने ते लगेच वहीत उतरवलंय. अबोली, रानवारा, तुमचेही खूप आभार. मेणाचं नक्की केलं.

आता नागपूरचा प्रश्न तेवढा राहिलाय.

वेळूवन:
बांधलेला पाठवूच नका. चारही चौकोन बांधून एकावर एक सपाट ठेवा, सोबत आठ सुट्या कामट्या, कातरलेले कागद आणि दोऱ्याची गुंडी. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवा. मावशी त्याच चाळीत वाढल्यात ना? मग त्यांना चिठ्ठीचीसुद्धा गरज पडणार नाही. फक्त वसुबारसेच्या आत पोचेल असं बघा, बांधायला त्यांना दोन संध्याकाळी तरी हव्यात.