अनुभव धागा: नवं गाव घराला मानवेल का? खानदेशकर, लिहा

गिरणाकाठ
बदल्यांच्या याद्या लागल्या. आज कॉलनीच्या तोंडाशी सामानाचा टेम्पो उभा होता आणि सगळ्यात मागे सुतळीनं आवळलेला लोखंडी कूलर. म्हटलं, दरवर्षी हेच प्रश्न येतात, एकदा एका जागी लिहून ठेवू. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, अमळनेर, कुठलंही चालेल. बायको-पोरं, म्हातारी माणसं घेऊन येणाऱ्यानं आधी काय बघावं? "लोक चांगले आहेत हो" एवढंच लिहून पळू नका, लोक सगळीकडे चांगलेच असतात.

सुरुवात मीच करतो. घर बघायला मंडळी दिवाळीच्या सुट्टीत येतात. तेव्हा हवा गोड असते, त्यावर निर्णय करू नये. एप्रिलअखेर किंवा मेमध्ये या. ४४-४५ अंश इथं बातमी नसते. दुपारी तीनला त्या फ्लॅटमध्ये थांबा आणि रात्री नऊला पुन्हा जा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो, म्हणून खरी परीक्षा रात्रीची. शेवटचा मजला आणि बेडरूमची भिंत पश्चिमेला, असं दोन्ही एकत्र असेल तर भाडं कितीही कमी असू दे, सोडा. घ्यावंच लागलं तर मार्च लागायच्या आत गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घ्या. चुन्यात थोडं फेव्हिकॉल घाला, नाहीतर आठवड्यात पावडर पायाला लागते.

केळीचा_घड
ऊन राहू द्या हो, आधी पाणी!! "पाणी आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारायचं: नळ किती दिवसाआड, किती वाजता, किती वेळ, आणि मोटार न लावता पाणी कुठवर चढतं. जळगावला वाघूर धरणातून येतं, भुसावळ-अमळनेर तापीवर. धरण भरलेलं असलं म्हणून नळ रोज येतो असं नाही. जलवाहिनी, टाक्या, वीज यांत घोडं अडतं. धुळ्यात काही भागांत दोन पाण्यांमधलं अंतर बरंच जास्त असतं, तिथं गल्लीगणिक चौकशी करा.

हिशोब करा. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं मानक. पाच माणसं म्हणजे ६७५. मोठा कूलर दिवसरात्र चालला तर १०० लिटर सहज पितो. झाले ७७५. तीन दिवसांचं धरलं तर २३२५, आणि एक पाळी चुकली (चुकतेच) तर दुप्पट, ४६५०. गच्चीवर हजाराची एकच टाकी दाखवून "भरपूर पाणी आहे" म्हणणाऱ्या मालकाला विचारा, खाली हौद कुठंय, किती लिटरचा आणि किती बिऱ्हाडांत?

साधा_माणूस
केळीताई, गणिताच्या बाई का तुम्ही 😄

केळीचा_घड
नाही, पाच माणसांचं धुणं माझ्याकडे आहे.

खेडूत२
बोअरच्या पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. बाटलीत थोडं पाणी, त्यात साबणाचा कीस, जोरात हलवायचं. फेस न येता पांढरी साय धरली की पाणी जड. अशा पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर थर बसतो, कूलरच्या पॅडवर क्षार जमून वारा अडतो. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, म्हणून नुसतं वरून भरत राहू नका. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा.

तापीची_लेक
+१ आणि दुसरं कारण डास. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास होतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस, त्यामुळे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला की साखळी तुटते. पिंप, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, सगळं. नुसतं ओतून भागत नाही, आतली कड घासायची, अंडी तिथं चिकटलेली असतात. कॉलनीत हे पाळतात का बघा. शेजाऱ्याच्या पिंपावर झाकण नसेल तर तुमचा कोरडा दिवस वाया.

पुणेकर_होऊ_घातलेला
एसी घ्यायचा की कूलर? थोडक्यात सांगा.

खेडूत२
हवा कोरडी असते तोवर कूलरच. खिडकीत बाहेरून बसवायचा आणि समोरची खिडकी चारपाच बोटं उघडी ठेवायची. बंद खोलीत ओल साठते आणि माणूस उकडतो. जूनमध्ये ढग आले की कूलर कामाचा नाही, नुसती चिकचिक. ते पंधरा-वीस दिवस पंख्यावर काढायचे. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर एका खोलीला एसी, पण आधी मीटरचा मंजूर भार बघा.

शिक्षकवाडी
शाळेचं लिहितो, घाईत आहे. दाखला मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. जुन्या शाळेनं ऑनलाइन नोंदीतून मुलाला सोडावं लागतं, तोवर नव्या शाळेत नाव चढत नाही. दाखल्याबरोबर मुलाचा यू-डायसचा (शाळांच्या ऑनलाइन नोंदीचा) पेन नंबर, म्हणजे कायमचा शैक्षणिक क्रमांक, लिहून घ्या. आधारवरचं आणि दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, तेही आत्ताच बघा.

बदलीची नोकरी असेल तर बोर्ड आधी ठरवा, घर नंतर. भुसावळात केंद्रीय विद्यालय आहे. नवोदयची सहावीची परीक्षा द्यायची असेल तर मूल पाचवीला त्याच जिल्ह्यात शिकत असावं लागतं. पाचवीच्या मध्यात जिल्हा बदलणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या. परराज्यातून येणाऱ्यांसाठी: २०२० च्या कायद्यानं इथल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे.

आखाजीचा_झोका
सर, भाषेचं राहिलं. पोरगं महिन्याभरात घरी येऊन "मन्हा डबा कोठे शे?" विचारेल, तेव्हा "नीट बोल" म्हणून दटावू नका. ती अहिराणी आहे. यावल-रावेरकडे लेवा गणबोली, नंदुरबारकडे भिली, पावरी, गुजरीही कानावर पडेल. शाळेत प्रमाण, गल्लीत अहिराणी, मुलं दोन्ही सहज पेलतात. अडचण मोठ्यांनाच.

साधा_माणूस
जेवन व्हयनं का भो?

आखाजीचा_झोका
व्हयनं 😂 शेवभाजी. तिखट इतकी की नवा माणूस पहिल्या घासाला आमची परीक्षा घेतो, दुसऱ्याला त्याची होते.

रेल्वेकॉलनी
नवराबायको दोघं नोकरीत आणि ऑफिसं दोन गावांत, असं असेल तर जळगाव-भुसावळ पट्टा सोयीचा. अंतर पंचवीसेक किमी, अपडाऊनवाल्यांचा मोठा समाज आहे. पास काढण्याआधी विचारा, तो नेमक्या कुठल्या गाड्यांना चालतो. आरक्षित डब्यात पासवर चढता येत नाही आणि तुमच्या वेळेला सोयीची वाटणारी गाडी नेमकी आरक्षित डब्यांचीच असते. धुळं रस्त्यांचं गाव, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग तिथं भेटतात, पण रेल्वेनं मुंबईकडे जायच्या बहुतेक गाड्यांसाठी चाळीसगाव गाठा. विमान आहे जळगावला, वेळापत्रक सारखं बदलतं. त्याच्या भरवशावर कोणी घर घेऊ नये.

घरात हृदयरोगी किंवा डायलिसिसवालं माणूस असेल तर: जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण सुपरस्पेशालिस्ट डॉक्टरांना दाखवायला लोक नाशिक, संभाजीनगर, मुंबई गाठतात. सुट्टीच्या दिवशी रात्री डायलिसिसचं मशीन चालू असतं का, हे फोनवर नाही, काउंटरवर जाऊन विचारा.

कायदेशीर_काकू
भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं, आणि ती जबाबदारी मालकाची. नुसत्या नोटरीच्या कागदावर भागवू म्हणणाऱ्याला नाही म्हणा, पुढं पत्त्याचा पुरावा म्हणून तो अडतो. पोलीस पडताळणी वेगळी.

आणि टोकन देण्याआधी तोंडावर विचारून घ्या: मांसाहार चालेल का, रात्रपाळीवरून एक वाजता आलेलं चालेल का, मुलीच्या मैत्रिणी-मित्र घरी आलेले चालतील का. विचारायला अवघड वाटतं, पण सामान उतरवल्यावर हेच कळणं जास्त अवघड. नियम सोसायटीचा आहे की एका माणसाची मर्जी आहे, तेही बघा. मर्जी असेल तर त्या माणसाचा मजला कुठला ते बघा.

तापीची_लेक
काकू 👏 बाईमाणसानं अजून एक करावं. रात्री साडेनऊला मेडिकलपर्यंत चालत जाऊन यावं. किती दिवे चालू, किती दुकानं उघडी, ओट्यांवर बायका बसल्यात का. ओटे भरलेले असतील तर गल्ली सुरक्षित. बदल्यात तुमच्याकडे कोण आलं-गेलं हे सगळ्यांना ठाऊक होणार. ज्या घराला तेवढी नजर सोसत नाही, त्यांनी मोठ्या अपार्टमेंटमध्येच जावं.

कानबाईचा_चाहता
श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, घरोघरी बसते. रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. त्या रात्री झोप मागू नका, जाऊन बसा, बोलावतील. पण प्रसादाचे रोट घरच्यांनी-भाऊबंदकीतल्यांनीच खायचे असा बऱ्याच घरांत नेम असतो. तुम्हाला दिले नाहीत तर तो अपमान नव्हे, बाकीचं जेवण वाढतीलच.

पुणेकर_होऊ_घातलेला
भरताची वांगी पुण्यात मिळतात का कुठं? मी इथून जाणार आहे, उलटा प्रवास.

केळीचा_घड
हिरवी-पांढरी, मोठी, कमी बियांची हवीत. हातात घेऊन वजन बघा, आकाराच्या मानानं हलकं लागलं तर बिया कमी. जांभळी घेऊन इथली चव शोधू नका. थंडीतच बरं मिळतं.

खेडूत२
आणि गॅसवर भाजू नका, कपाशीच्या काड्या हव्यात.

कायदेशीर_काकू
फ्लॅटमध्ये काड्या पेटवल्या तर सोसायटीची नोटीस येईल, मग माझ्याकडे या.

केळीचा_घड
😂😂 भरताबरोबरच्या कळण्याच्या भाकरीच्या पिठाचं प्रमाण: ज्वारी एक किलो, अख्खे उडीद पाव किलो, मीठ घालून एकत्र दळायचं. दादर (रब्बीची ज्वारी) मिळाली तर उत्तम. बडजी (भरीत कुटायचं लाकडी भांडं) मात्र इथूनच घेऊन जा, मिक्सरमध्ये भरताची चटणी होते.

साधा_माणूस
टेम्पोत जागा आहे का बडजीला? कूलर काढून ठेवा, पुण्यात काय कामाचा.

पुणेकर_होऊ_घातलेला
कूलर विकायचाच आहे. तीन वर्षं जुना, पॅड नवीन, पंप चालू. कोणाला हवा असेल तर निरोप टाका.