गाडी ४० मिमी लो केल्यापासून पुढचे टायर आतून खात आहेत : दोष टोचा, कॅम्बरचा की बुशचा?

नमस्कार. माझ्याकडे २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. गेल्या ऑक्टोबरात कुर्ल्यातील एका गॅरेजमध्ये तिच्या चारही स्प्रिंगा बदलून ४० मिमी कमी उंचीच्या बसवून घेतल्या. त्याच संध्याकाळी अलाइनमेंट झाले आणि छापील कागदावर सगळे आकडे हिरवे आले. स्पीडब्रेकरवर गाडीचे पोट घासेल हे मी गृहीत धरले होते. टायरांचा विचार मात्र डोक्यात नव्हता.

तीन महिन्यांनी, साधारण ४,००० किलोमीटरनंतर, पंक्चरसाठी चाक उतरवले तेव्हा आतली कड गोटा होत चालल्याचे पंक्चरवाल्याने दाखवले. दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंट तपासले असता पुढच्या डाव्या चाकाचा टो (वरून पाहता चाक पुढून आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) उणे ०°२२′ आणि उजव्याचा उणे ०°२५′ निघाला, म्हणजे दोन्ही चाके पुढून बाहेर फाकलेली होती. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरून आत झुकलेले) अनुक्रमे उणे १°४०′ आणि उणे १°५०′ होता. तेथील मिस्त्रींनी टो शून्यावर आणला आणि ‘कॅम्बरला या गाडीत सेटिंग नाही, लो गाडीचं असंच असतं’ असे सांगून मला वाटेला लावले.

त्यानंतर आणखी ३,००० किलोमीटर झाले आहेत. पुढच्या १८५/६५ आर १५ टायरांची बाहेरची नक्षी ६ मिमी आहे, पण आतली २ मिमीच्याही खाली गेली असून १.६ मिमीच्या झीज-खुणेला टेकत आली आहे. दर पंधरवड्याला हवा तपासतो. शिवाय हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या. गाडी एका बाजूला ओढत नाही, स्टिअरिंगही सरळ राहते. मात्र ब्रेक दाबल्यावर पुढून हलकी ‘टक’ ऐकू येते. टो शून्यावर असताना केवळ कॅम्बरमुळे टायर इतका खाल्ला जातो का? नवे टायर घालण्यापूर्वी काय तपासावे?

प्रतिसाद १

आपण आकडे दिलेत हे बरे केलेत, कारण बहुतेक जण फक्त ‘अलाइनमेंट ओके आहे’ एवढेच लिहितात. टायर मुख्यतः खातो तो टो. ०°२५′ ऐकायला किरकोळ वाटते, पण ढोबळ हिशोबाने चाक दर किलोमीटरमागे सुमारे ७ मीटर आडवे घासले जाते. त्यात उणे कॅम्बरने वजन आतल्या कडेवर टाकले, की ती सगळी घासणी त्याच दोन बोटांच्या पट्टीवर होते. नुसत्या दीड-पावणेदोन अंशाच्या कॅम्बरने टायर आतून झिजतो, पण ३,००० किलोमीटरमध्ये त्याची अशी दशा सहसा होत नाही.

पहिले अलाइनमेंट स्प्रिंगा बसवल्याच्या दिवशीच झाले, तिथेच गडबड आहे. नव्या स्प्रिंगा काहीशे किलोमीटर चालून बसतात, गाडी आणखी थोडी खाली येते, लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगने चाक वळवणारा दांडा) यांचे कोन बदलतात आणि टो सरकतो. त्या संध्याकाळचा हिरवा कागद त्या संध्याकाळपुरताच खरा होता.

आता त्या ‘टक’कडे पाहा. गॅरेजवाले लोअर आर्मचे बोल्ट पुष्कळदा गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळतात. मग गाडी जमिनीवर आली की बुशचे, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या नळीचे, रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. फाटलेल्या बुशमुळे ब्रेक मारताना आर्म मागे सरकतो आणि टो बदलतो; मशीनवर उभ्या गाडीचा टो मात्र शून्यच दिसतो. पहारीने आर्म हलवून पाहायला सांगा. तळवा नक्षीवरून आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा : एका दिशेला करवतीसारखे दाते लागले तर टोचा दोष अजून चालू आहे, दोन्हीकडे गुळगुळीत लागले तर कॅम्बर.

प्रतिसाद २

कॅम्बरला मूळ सेटिंग नाही हे खरे, पण उपाय नाही हे खरे नव्हे. शॉकअप आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी कॅम्बर बोल्ट (फिरवून चाकाचा कल बदलता येणारा बोल्ट) घातला तर साधारण एक ते दीड अंश मिळतो. क्रम चुकवू नका : आधी बुश, मग कॅम्बर, टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. उजवा बुश फाटलेलाच निघाला आणि हाताला दातेही लागले. दोन्ही बुश बदलून, गाडी चाकांवर उभी असतानाच बोल्ट आवळून घेतले. कॅम्बर बोल्टांनी दोन्ही बाजूंना उणे ०°४५′ मिळाले आणि टो पुन्हा शून्यावर आणला. ‘टक’ थांबली आहे. टायर १,००० किलोमीटरनंतरच घेईन. तोवर जुन्याच टायरांवर खडूची रेघ मारून कोणती कड आधी पुसली जाते ते पाहतो आहे, आणि गाडी पावसापूर्वीच्या कोरड्या रस्त्यावर, तीही हळू चालवतो आहे. एक शंका उरली : मागचा अक्षदंड एकसंध असल्याने तिथे टो-कॅम्बर हलत नाही असे सांगितले गेले. मागचे टायर सध्या सारखे झिजत आहेत, तर तिकडे हात न लावणेच योग्य ना?

प्रतिसाद १

होय. मागच्या आकड्यांचा कागद जपून ठेवा आणि पावसाळ्यातले खड्डे खाऊन झाल्यावर पुन्हा मोजा. आकडे बदलले तर अक्षदंड वाकला आहे असे समजा.