पाळकांचं सेवेतलं शिक्षण सक्तीचं असावं का? आणि त्यात तंत्रज्ञान कशाला?

चर्मपत्र

आमच्या मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, संघापुढे एक प्रस्ताव आहे. पाळक, वडीलजन (मंडळीचा कारभार पाहणारे सभासद) आणि संडे स्कूलचे प्रमुख यांनी दरवर्षी ठराविक तास अभ्यास करायचा आणि त्यात तंत्रज्ञान हा विषय असलाच पाहिजे. अभ्यास केला नाही, तर सेवेची नेमणूक पुढे चालू राहणार नाही. माझा याला पूर्ण पाठिंबा आहे. विरोधही बराच आहे, म्हणून इथे मांडतोय.

सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून, बाहेर पडलेला माणूस पुढे तीस-पस्तीस वर्षं उपदेश करतो. तेवढ्या काळात मंडळीतल्या लोकांचं जगणं पार बदलून जातं, पण त्याच्या टिपणवह्या त्याच राहतात. बायबलमधल्या प्रेषित पौलाकडे बघा. तुरुंगात आहे, आपला जाण्याचा समय जवळ आल्याचं त्याने स्वतःच लिहिलंय, तरी आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सांगतो की झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं आण (2 तीमथ्य 4:13). शिकणं तिथेही थांबलेलं नाही.

तंत्रज्ञान म्हणजे प्रोजेक्टर लावणं नव्हे. मंडळीतला एखादा तरुण रात्री दोन वाजता चॅटबॉटला विचारतो, "देव मला खरंच क्षमा करेल का?" त्याला लगेच गोड शब्दांत उत्तर मिळतं. ते यंत्र अफाट मजकुरावर पोसलेलं आहे, पुढचा संभाव्य शब्द कोणता याचा हिशोब करून ते वाक्य जुळवतं, आणि त्या तरुणासाठी ते प्रार्थना करत नाही, हे पाळकाला ठाऊक नसेल तर तो तरुणाशी बोलणार काय?

जुना पाळक

अभ्यासाला विरोध नाही, सक्तीला आहे. तास मोजायला लागलात की लोक तास भरतील. व्हिडिओ एकीकडे चालू, माणूस दुसरीकडे, शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड. हे होताना मी पाहिलंय.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अठरावा अध्याय. अपुल्लो वक्ता होता, शास्त्रात प्रवीण होता, तरी त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. दोघं तंबू शिवणारी माणसं. तिथे ना अभ्यासक्रम होता ना हजेरीपट. पुढाऱ्याला त्याच्याच मंडळीतल्या माणसांनी शिकवावं आणि त्याने निमूटपणे शिकावं, याहून मोठं निरंतर शिक्षण मला माहीत नाही.

आणि तंत्रज्ञानाचं म्हणाल, तर जून 2023 मध्ये जर्मनीतल्या फ्यूर्थ शहरातल्या चर्चमध्ये एक उपासना झाली. तिचा बहुतेक मजकूर चॅटजीपीटीने लिहिलेला होता आणि पडद्यावरच्या कृत्रिम आकृत्या तो बोलत होत्या. तीनशेच्या वर लोक जमले होते. काही जण हौसेने मोबाइलवर चित्रण करत होते, तर काहींनी प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणायलाच नकार दिला. त्या गप्प राहिलेल्यांनी कुठला कोर्स केला होता?

रात्रशाळा

पाळकसाहेब, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहिते. अपुल्लोला घरी बोलावून शिकवणारं कोणीतरी भेटलं. मला कोण बोलावणार होतं? मी मंडळीत वडीलजन आहे, दिवसा नोकरी करते, आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. सेमिनरीत जाऊन राहणं मला या जन्मात जमलं नसतं. रोमकरांस पत्राचा पहिला नीट अभ्यास मी स्वयंपाकघरात फोनवर केला, आवाज अगदी बारीक ठेवून.

ही वाट इंटरनेटने पाडलेली नाही. 1963 साली ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने ओळखलं की गावोगावच्या मंडळ्या खऱ्या अर्थाने सांभाळणारी माणसं शेती आणि संसार टाकून वसतिगृहात येऊ शकत नाहीत. मग सेमिनरीच त्यांच्याकडे गेली. धडे घरी करायचे आणि ठरलेल्या दिवशी शिक्षकाबरोबर एकत्र बसायचं. हा नमुना पुढे कितीतरी देशांत गेला. त्यातलं एकत्र बसणं मला महत्त्वाचं वाटतं. माझ्या कोर्समध्ये तेवढंच नव्हतं आणि ते फार जाणवलं. प्रस्तावात ते हवंच. पण "सगळं समोरासमोरच हवं" म्हणाल, तर सगळ्यात आधी बायका गळतील.

तिसरी रांग

मी पुढारी वगैरे नाही, बाकावर बसणारा माणूस. माझ्या मावशीच्या अंत्यविधीला पाळकांनी जो संदेश वाचला, त्यात "नातवंडांची लाडकी आजी" असं वाक्य होतं. मावशीने लग्नच केलं नव्हतं. पुढच्या रांगेत तिच्या दोन्ही बहिणी बसल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. नंतर पाळकांनीच सांगितलं की आठवडाभर धावपळ होती, म्हणून यंत्राकडून लिहून घेतलं.

त्या माणसाबद्दल मनात राग नाही. पण यंत्र माहीत नसलेली जागा कल्पनेने भरून काढतं, हे त्यांना कोणीच शिकवलेलं नव्हतं. ते शिकवणं सक्तीचं केलं, तर बिघडतं कुठे?

जुना पाळक

तिसरी रांग, वाचून वाईट वाटलं. पण हे तंत्रज्ञानाचं अज्ञान नव्हे. ते मावशीच्या घरी गेले असते, बहिणींजवळ अर्धा तास बसले असते, तर ते वाक्य आलंच नसतं. आठवड्याची धावपळ कुणी वाढवली, याचाही विचार करा. त्यात आता अभ्यासाचे तासही घालणार.

कायदा आणि कृपा

मी कॅथलिक आहे, म्हणून आमच्याकडचं सांगतो. आमच्यात नियम आधीपासून आहे. 1983 च्या धर्मसंहितेतला 279 वा नियम म्हणतो की याजकांनी दीक्षेनंतरही पवित्र विद्यांचा अभ्यास चालू ठेवावा. त्याच नियमात पोकळ नवलाई आणि खोट्या विद्येपासून दूर राहायलाही सांगितलंय, आणि सेवेला उपयोगी पडतील अशा इतर विद्या शिकायलाही. दोन्ही बाजूंना हवं ते तिथे मिळेल. पण नियम असूनही अभ्यास करणारे करतात, न करणारे करत नाहीत. त्यामुळे निव्वळ सक्तीवर माझा भरवसा नाही.

चर्मपत्र, तुमच्या मांडणीत मला मोठी उणीव दिसते ती वेगळीच. तुम्ही तरुण चॅटबॉटला काय विचारतो याची काळजी करताय. पाळक स्वतः काय विचारतो? एखादं जोडपं समुपदेशनाला येतं, मारहाणीचं सांगतं. रात्री पाळक ती सगळी हकिगत चॅटबॉटमध्ये टाकतो आणि सल्ला मागतो. नाव गाळलं तरी गाव, मुलांची वयं, नोकरी सगळं त्यात असतं. ती माहिती एका कंपनीच्या सर्व्हरवर गेली. पापनिवेदनाची गुप्तता आमच्याकडे अभंग मानतात, आणि इंटरनेटवर संस्कार, म्हणजे पापनिवेदनासारखे पवित्र विधी, होत नाहीत हे व्हॅटिकनने 2002 मध्येच स्पष्ट केलंय. पण समुपदेशनाच्या खोलीतलं बोलणं या रीतीने सहज बाहेर जातं आणि जाताना कुणाला कळतही नाही. तुमच्या अभ्यासक्रमात हे पहिलं हवं. यंत्र आतून कसं चालतं, ते नंतर.

चर्मपत्र

हा मुद्दा मसुद्यात नाही आणि तो असायलाच हवा, पहिल्याच पाठात. रात्रशाळाताईंचं एकत्र बसण्याचंही घेतो. जानेवारी 2025 मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर जे विस्तृत टिपण काढलं, त्यातही शिक्षकाच्या प्रत्यक्ष असण्यातून जे नातं तयार होतं ते यंत्राला देता येत नाही, असं म्हटलंय.

सक्तीवर मात्र मी ठाम आहे. पाळकसाहेब, ज्याला प्रिस्किल्ला-अक्विल्ला भेटतात आणि जो त्यांचं ऐकतो, त्याला नियमाची गरज नाही. जो ऐकत नाही, त्याच्या मंडळीने काय करायचं? त्याच्या चुकीची किंमत तो मोजत नाही, तिसऱ्या रांगेतले मोजतात.

जुना पाळक

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तो प्रश्न खरा आहे. तरीही नेमणूक थांबवण्याच्या कलमाविरुद्ध मी मत देणार. त्याऐवजी असं करा. दरवर्षी मंडळीतल्या तिघांनी, ज्यांत एक तरी स्त्री आणि एक तरी तरुण असेल, पाळकाबरोबर बसून विचारावं: या वर्षी काय वाचलंत, काय शिकलात, कुठे अडलात? ते उत्तर मंडळीच्या सभेत वाचलं जावं.

रात्रशाळा

हे मला तासांपेक्षा पटतं. पण पाळकसाहेब, वडीलजनांनाही हेच प्रश्न विचारायचे असं लिहा. नाहीतर आम्ही सुटतो.

तिसरी रांग

आणि अंत्यविधीचे संदेश स्वतः लिहायचे, हेही लिहा. दोन ओळींचे असले तरी चालतील.