पिछोल्याकाठची जुनी वस्ती कुणामुळे टिकेल?

पायवाट:
उदयपूरहून परतलेले बहुतेक जण गच्चीवरून टिपलेले, पिछोला तलावातल्या जगनिवास महालाचे फोटो दाखवतात. मला मात्र काठावरच्या गणगौर घाट, लाल घाट, चांदपोळ या भागाची ओढ वाटते ती तिथल्या रोजच्या वावरामुळे. पाण्याकडे उघडणारे झरोके, दारांवर रंगवलेले हत्ती-घोडे, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या आणि उतार संपतो तिथे घाट. गणगौरच्या सणाला बायका ईसर-गौरीच्या, म्हणजे शिव-पार्वतीच्या, मूर्ती घेऊन तिथेच येतात. आता घरामागून घर हॉटेल होतंय. राहती माणसं गेली तर गणगौरही पाहुण्यांना दाखवायचा कार्यक्रम होईल. राहत्या घरांचं हॉटेल करण्यावर मर्यादा हवीच.

चुनखडी:
अजिबात पटलं नाही. गणगौर घाटावरची बागोर की हवेली बघा. १८व्या शतकात मेवाडचे प्रधान अमरचंद बडवा यांनी बांधली, शंभराहून जास्त खोल्या. स्वातंत्र्यानंतर तिथे सरकारी कर्मचारी राहत होते, म्हणजे माणसांचा वावर होताच. तरी ती खचत गेली. १९८६मध्ये पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र या सरकारी संस्थेकडे आली, मग डागडुजी झाली. चुन्याचं काम जाणणारे गवंडी मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, त्यात भावाभावांच्या वाटण्या. हॉटेलचं उत्पन्न नसेल तर छप्पर कोण शाकारणार? तुम्ही म्हणता तो जगनिवासही हॉटेल म्हणूनच उभा आहे.

पायवाट:
पण बागोरमध्ये आता संग्रहालय आहे, तिकीट काढून कुणीही जातो. हॉटेलची गच्ची गल्लीतल्या मुलांना बंद असते. हा फरक लहान नाही.

निळाई:
तुम्ही दोघं भिंतींवरच अडलात. पिछोला माणसांनी बांधलेला तलाव आहे, पावसावर भरतो, आणि दुष्काळाच्या वर्षांत त्याचं तळ उघडं पडलेलं लोकांनी पाहिलंय. काठावर खोल्या वाढल्या की पाणी जास्त लागतं, सांडपाणीही वाढतं. आधी ते मोजा, मग हवेली कुणाची ते ठरवा.

चुनखडी:
सांडपाण्याचं मान्य, तिथे सवलत नकोच. पण तळमजल्यावर स्वतः राहून वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारा आणि हवेली विकत घेऊन वर मजले चढवणारा, दोघांना एकच नियम लावणं अन्याय आहे.

पायवाट:
तो फरक करायलाच हवा. राहत्या मालकाला मोकळीक द्या, माझी हरकत नाही. मात्र घाटाकडे उतरणारी वाट कुठल्याही मालकाला अडवता येऊ नये, यावरून मी हटणार नाही.