एडी रॉबिन्सन यांनी १९९४ लाच थांबायला हवं होतं का?

शनिवारची_मॅच: अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांना विचारतोय. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजचे एडी रॉबिन्सन, १९४१ ते १९९७ एकाच कॉलेजात हेड कोच, ४०८ मॅच जिंकले, दोनशेच्या वर पोरं प्रोमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेली. पण शेवटची तिन्ही वर्षं जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त, त्यातली शेवटची दोन तर ३-८ आणि ३-८ (तीन जिंकल्या, आठ हरल्या). १९९४ ला कॉन्फरन्सचं (कॉलेजांच्या आपल्या गटाच्या लीगचं) टायटल मिळालं तेव्हाच निवृत्त व्हायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाला आता पुरे असं दुसऱ्याने सांगायची वेळ यायलाच नको होती.

जुना_लाइनमन: अजिबात पटलं नाही. आले तेव्हा २२ वर्षांचे होते. पहिल्या वर्षी ३-५, आणि पुढच्याच वर्षी ९-०, तेही समोरच्या एकाही टीमला एक पॉइंटसुद्धा न देता! मैदानाचं गवत स्वतः कापायचे, पेपरला मॅचची बातमी स्वतः लिहून द्यायचे, बाहेरगावी जाताना पोरांसाठी सँडविच बांधून घ्यायचे कारण वाटेतल्या हॉटेलांत काळ्या पोरांना बसून खाऊच देत नसत. सकाळी घंटा वाजवत हॉस्टेलभर फिरायचे, कुणी क्लास बुडवू नये म्हणून. अशा माणसाने कधी थांबायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या की.

हेल्मेट_७: दादा, आदर मलाही आहे, पण टीम कोचच्या मालकीची नसते. कॉलेजच्या पोराला खेळायला मिळतात चार सीझन, त्यातले तीन असे गेले तर १९४२ चा रेकॉर्ड त्याच्या काय कामाचा? १९९८ ला त्यांचेच जुने खेळाडू डग विल्यम्स कोच झाले, दोन वर्षं बस्तान बसवण्यात गेली आणि मग २०००, २००१, २००२ सलग तीन टायटल. म्हणजे पोरांत दम होता.

जुना_लाइनमन: आणि विल्यम्सना घडवलं कुणी? काळा मुलगा क्वार्टरबॅक म्हणून (बॉल फेकून अटॅक चालवणारा खेळाडू) चालणारच नाही असं प्रो टीमा धरून बसलेल्या, चांगला फेकणारा असला तरी त्याला रिसीव्हर (बॉल झेलणारा) नाहीतर डिफेन्सला टाकायचे, त्या काळात रॉबिन्सन पोरांना क्वार्टरबॅकच ठेवत होते. आधी जेम्स हॅरिस, १९६९ ला बफेलो या प्रो टीमकडून सीझनच्या पहिल्याच मॅचला स्टार्ट. मग विल्यम्स, जानेवारी १९८८ चा सुपर बोल (प्रो लीगची फायनल), एका क्वार्टरमध्ये, म्हणजे मॅचच्या पाव भागात, चार टचडाउन पास. अजूनही ते बघताना अंगावर काटा येतो माझ्या.

कोपऱ्यातली_सीट: मूळ कारण राहिलंच. सत्तरच्या दशकापासून दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांनी काळ्या खेळाडूंना घ्यायला सुरुवात केली, आधी जी पोरं ग्रॅम्बलिंगला यायची ती तिकडे जायला लागली. त्यांचं भलं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं, पण ग्रॅम्बलिंगकडचं टॅलेंट त्यातच आटलं. सगळं वयावर ढकलू नका.

हेल्मेट_७: तसं असेल तर १९८५ ला अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा रेकॉर्ड कसा मोडला? १९९४ चं टायटल कसं आलं? मोठी विद्यापीठं तेव्हाही पोरं नेतच होती. १९९५ नंतर काहीतरी सुटलं हे मान्य करायला हवं, आणि ते म्हटल्याने त्यांचा अपमान होत नाही.

शनिवारची_मॅच: मला चीड येते ती १९९६ ची. सीझन संपल्यावर त्यांना काढायच्या हालचाली, मग लोकांची ओरड, मग शेवटचं एक वर्ष दिलं, आणि ७८ व्या वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये सदर्न या प्रतिस्पर्धी कॉलेजकडून हरून निरोप. दोन वर्षं आधीच विल्यम्ससारख्या कुणाला शेजारी उभं करून हळूहळू सूत्रं दिली असती तर?

जुना_लाइनमन: १९९४ संपलं तेव्हा ते ३९७ विजयांवर होते. टायटल हातात, ४०० ला फक्त तीन कमी. त्या कोचला जाऊन थांबा म्हणून कोण सांगणार होतं, तुम्ही?

शनिवारची_मॅच: नसतं सांगितलं. पण ४०० वा विजय १९९५ च्या ऑक्टोबरमध्येच आला, आणि त्या सीझनच्या शेवटी मात्र सांगितलं असतं.