मदत हवी आहे: मुंबईहून लांब कुप्याला (ट्यूना) जायचंय, ॲक्सेस पास कुणी काढलाय का?

नमस्कार मंडळी, वर्सोव्याहून लिहितेय. आमची १५ मीटरची बोट आहे, नाखवा माझे बाबा. कागदपत्रं मी बघते कारण पोर्टलवरचं सगळं बाबांना जमत नाही. आतापर्यंत डोलीवर (बोंबलाचं पिशवीसारखं जाळं) भागत होतं पण बोंबील पूर्वीसारखा लागत नाही, म्हणून बाबा आणि काका मिळून लाँगलाइन (गळ लावलेला लांब दोर) घेतायत, मोठ्या कुप्यासाठी.

आता अडचण. १२ सागरी मैलांच्या आत (खाली सगळीकडे मैल म्हणजे सागरी मैलच) राज्याचा कायदा आणि राज्याचं लायसन्स, ते आपल्याकडे आहे. त्याच्या बाहेर २०० मैलांपर्यंत केंद्राचं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नवे नियम आले, त्यात यांत्रिक बोटीला ॲक्सेस पास लागतो, तो रियलक्राफ्ट या बोटींच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवरून फुकट मिळतो. छोट्या पारंपरिक होड्यांना सूट आहे पण आमचं इंजिन आत बसवलेलं, त्यामुळे सूट आम्हाला लागू नाही असं मी धरून चाललेय. इथपर्यंत बरोबर आहे ना?

पहिली गोष्ट इंजिनाची. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड इंजिन बसवलं, विम्याच्या कागदावर नवा नंबर आहे पण रजिस्ट्रेशनवर अजून जुनाच. परवा मी स्वतः खाली उतरून इंजिनवरची पट्टी रॉकेलच्या फडक्याने पुसली, टॉर्च धरून वाचलं तरी शेवटचा आकडा ३ आहे की ८ ते कळेना, शेवटी कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा ३ उमटला. आता आधी रजिस्ट्रेशनमध्ये बदल करून घ्यायचा आणि मग पासाचा अर्ज, की दोन्ही एकदम चालतं? बंदरातल्या एका एजंटने "पासाचे आठ हजार" सांगितले. फुकट मिळणाऱ्या कागदाला आठ हजार कशाचे, मी नाही म्हटलं, पण त्यामुळे आता सगळं स्वतःच करायचंय.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला. मुंबईसमोर उथळ पट्टा तीनेकशे किलोमीटर जातो, म्हणजे एकशेसाठ मैलांच्या आसपास, आणि मोठा कुपा त्या पट्ट्याच्या पलीकडे खोल पाण्यात. गोव्यासमोर खोल पाणी कितीतरी जवळ येतं, आपल्याकडे तसं नाही. मग आपण कुप्यापर्यंत पोचतो तेव्हा २०० मैलांची हद्द फार लांब राहिलेली नसते. दोर संध्याकाळी सोडला की रात्रभर प्रवाहाबरोबर वाहतो, बोटही त्याच्या मागे. पलीकडे खुला समुद्र, तिथे भारताच्या झेंड्याखालच्या बोटीलाही केंद्राचं वेगळं लेटर ऑफ ऑथोरायझेशन लागतं, शिवाय हिंद महासागर कुपा आयोगाच्या यादीत बोट असावी लागते. २४ मीटर किंवा मोठी बोट यादीत हवी ही आयोगाची अट मी वाचली पण आपल्या हद्दीबाहेर काम करणारी बोट लहान असली तरी यादीत यावी लागते, म्हणजे आम्ही सुटत नाही.

तर ज्यांनी एवढ्या लांब लाँगलाइन केलीय त्यांना विचारायचंय, हद्दीपासून किती मैल अलीकडे दोर सोडता? चुकून वाहत गेलो तर काय धरलं जातं, बोट कुठे होती ते की गळ कुठे होते ते? की सरळ दोन्ही कागद काढून ठेवणंच शहाणपणाचं? बाबा म्हणतात, "दोर पाण्यात असताना मी मोबाईल बघत बसू काय?" आणि त्यांचं खरंय, पण बोट पकडली गेली तर सात खलाशांची घरं बसतील, कर्जाचा हप्ता वेगळाच.

१ जूनच्या बंदीआधी दोन फेऱ्या तरी व्हाव्यात असं डोक्यात आहे, नाहीतर थेट ऑगस्ट.

नंतर जोडलंय: एका दादांनी विचारलं म्हणून, ट्रान्सपाँडर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) बसवलेला आहे आणि चालू आहे. मच्छीमार सोसायटीचे मेंबर आहोत. नव्या नियमांत सोसायट्यांना प्राधान्य आहे म्हणून सोसायटीमार्फत पाच-सहा बोटींचे अर्ज एकत्र टाकायचा विचार चाललाय, असं कुणी केलं असेल तर प्रत्येक बोटीला कुठले कागद लावले तेवढं प्लीज सांगा, सोमवारी सोसायटीची मीटिंग आहे, मला तिथे यादी न्यायचीय.